'ॲबट एलिमेंटरी': चार सीझनची क्रमवारी लावताना

28 सप्टेंबर 2025, रविवार

आजपासून ही वही सुरू. दिवाळीची सुट्टी संपत आली की तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षकांच्या आमच्या अभ्यासगटाला 'ॲबट एलिमेंटरी' ही एका सरकारी शाळेवरची अमेरिकन विनोदी मालिका दाखवायची आहे. चार संध्याकाळी मिळाल्यात, प्रत्येक दीड तासाची. एक भाग साधारण 22 मिनिटांचा, म्हणजे संध्याकाळी चार भाग, एकूण सोळा. पूर्ण झालेले सीझन चार आणि त्यांचे भाग 13, 22, 14 आणि 22 असे मिळून 71. पंचावन्न भाग गाळायचे आहेत, म्हणून आधी सीझनची क्रमवारी लावायची. जो सीझन वर, त्याला जास्त जागा.

मालिका पाहिलेली आहे, पण तुकड्यातुकड्यांत आणि दोन-तीन वर्षांच्या अंतराने. आता सलग बघणार. आई सोबत बसेल. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, तिची बहुतेक वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली. इंग्रजी संवाद तिला धावतात, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत जाईन. गटातल्या निम्म्या लोकांसाठीही हेच करावं लागणार आहे, त्याची तालीम होईल.

क्रमवारीचा निकष सध्या एकच ठेवला आहे: हसू किती आलं.

1 ऑक्टोबर, बुधवार

पाचवा सीझन आज अमेरिकेत सुरू होतोय. तो क्रमवारीत नाही. वर्ष संपल्याशिवाय निकाल लावत नाहीत.

पहिल्या सीझनचे पाच भाग झाले. पहिलाच भाग (7 डिसेंबर 2021 ला एबीसी वाहिनीवर आलेला) पुन्हा पाहताना त्याची बांधणी किती घट्ट आहे ते कळलं. फिलाडेल्फियातली सरकारी प्राथमिक शाळा. एक चित्रीकरण पथक तिथे माहितीपट बनवतंय, त्यामुळे पात्रं मधूनच कॅमेऱ्याकडे बघतात, एकट्याने बसून मनातलं बोलतात. दुसरीच्या वर्गावरची तरुण शिक्षिका जनीन टीग्ज मुलांसाठी नवी सतरंजी मागते. पैसे येतात, पण मुख्याध्यापक एव्हा कोलमन त्यातून शाळेची पाटी करते आणि पाटीवर स्वतःचा चेहरा लावते. शेवटी सतरंज्या येतात त्या मेलिसा शेमेंटी या शिक्षिकेच्या ओळखीतून, फुटबॉलच्या मैदानावर काम करणाऱ्या एका माणसाकडून.

आई एवढंच म्हणाली, "बसायला पट्टी नसली की मुलं भिंतीला टेकतात. मग फळा दिसत नाही." ती हसली नव्हती. निकषाबद्दलची पहिली शंका इथेच आली.

4 ऑक्टोबर, शनिवार

पहिला सीझन संपला.

क्विंटा ब्रन्सनने ही मालिका रचली, जनीनची भूमिकाही तीच करते. ती फिलाडेल्फियाचीच आहे आणि तिची आई तिथे बालवर्गाला शिकवायची. मालिकेतल्या शाळेचं नाव तिच्या सहावीच्या बाईंवरून घेतलं आहे, जॉइस ॲबट. गटाला आधी हे सांगायचं. आपल्याकडे शाळांना नावं पुढाऱ्यांची आणि देणगीदारांची असतात. इथे एका विद्यार्थिनीने बाईंचं नाव शाळेला दिलं, आणि ते देशभर घरोघर पोचलं.

या सीझनमध्ये 13 भागांत 13 अडचणी आहेत आणि जवळपास प्रत्येक अडचण एखाद्या वस्तूची आहे. लुकलुकणारा दिवा, नसलेलं शैक्षणिक साहित्य, वाचन शिकवणारं नवं सॉफ्टवेअर, अंडी. (गुणवंत मुलांच्या वर्गाच्या भागात पिल्लं उबवायची म्हणून अंडी आणतात आणि त्यातून साप निघतात. आई इथे पोट धरून हसली.) साहित्याच्या यादीचा भाग सर्वांत मोलाचा. जनीन एव्हाच्या मदतीने व्हिडिओ करून लोकांकडून साहित्य मिळवते, मग बालवर्गाच्या बार्बरा हॉवर्ड बाईंसाठीही तसंच करायला जाते, आणि बार्बरा दुखावते. जे नाही त्याचा पाढा मुलांसमोर वाचला की मुलं स्वतःलाच कमी समजायला लागतात, असं तिचं म्हणणं. असेल त्यात वर्ग उभा करायचा हा तिचा बाणा.

या भागावर आई आणि मी पाऊण तास बोललो. तिने सांगितलं की ती काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यांवर अक्षरं चिकटवून शब्द बनवायला लावायची. मुलांना तो खेळ आहे असं वाटायचं, खोकी कशासाठी आहेत ते त्यांना ठाऊकच नव्हतं. "पण," ती पुढे म्हणाली, "मी कधी मागितलंच नाही, हे बरोबर केलं का ते आज सांगता येत नाही." तिच्या तोंडून हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

पुरस्कारांची नोंद एका ओळीत: टीव्ही मालिकांसाठीच्या एमी पुरस्कारांच्या सप्टेंबर 2022 च्या सोहळ्यात ब्रन्सनला लेखनासाठी आणि शेरिल ली राल्फ यांना बार्बराच्या भूमिकेसाठी पारितोषिक. दोन्ही याच सीझनच्या बळावर.

तात्पुरता क्रम: पहिला सीझन पहिला.

6 ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. दूध आटवण्यात संध्याकाळ गेली. बघणं नाही. आईने शेजारच्या काकूंना बार्बराची गोष्ट सांगितली, "आमच्या त्या बार्बराबाई" असं म्हणत.

11 ऑक्टोबर, शनिवार

दुसऱ्या सीझनचे बारा भाग. 22 भागांचा सीझन आता दुर्मीळ. ऑनलाइन मालिका आठ-दहा भागांत आटोपतात. इथे मात्र भागांची संख्या शाळेच्या वर्षाशी जुळते. सप्टेंबर 2022 मध्ये शाळा सुरू होण्याआधीच्या तयारीच्या आठवड्याने सुरुवात आणि एप्रिल 2023 मध्ये सहलीने शेवट. मधे हॅलोवीन, नाताळ, फेब्रुवारी. प्रक्षेपणही त्याच महिन्यांत झालं, म्हणजे तिथल्या शिक्षकांनी हे भाग आपापल्या वर्षाच्या सोबतीने पाहिले. आम्ही दोन आठवड्यांत बघतोय, तरी वर्ष पुढे सरकल्यासारखं वाटतं. पहिल्या सीझनमध्ये हे नाही, तिथे प्रत्येक भाग सुटा उभा आहे.

जोडवर्ग! मेलिसाला या वर्षी दुसरी आणि तिसरी एकत्र मिळते. बिनधास्त, कुणालाही न जुमानणारी मेलिसा यात दमते, चुकते, आणि मदत हवी आहे हे मान्य करायला तिला वेळ लागतो. मग मदतनीस मिळते तीही अशी की तिलाच सांभाळावं लागतं. आई ताठ होऊन बसली. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता दोघांत वाटून घेताना हेच रोजचं असतं. एका गटाला लिहायला द्यायचं, दुसऱ्याला शिकवायचं, पाठ फिरवली की पहिला गट उठतो. अमेरिकेसारख्या देशात दोन इयत्ता एका बाईंवर सोपवतात हे तिला खरंच वाटेना. दोनदा विचारलं, "हे बनवलेलं आहे की असतं?" असतं, म्हणून तर लिहिलं.

गटासाठी हे भाग नक्की. आमच्यातल्या सहा जणी आजही बहुवर्ग शिकवतात.

12 ऑक्टोबर, रविवार

दुसरा सीझन संपला. दुपारी तीन ते रात्री दहा, मधे फक्त जेवण.

दोन गोष्टी वेगळ्या लिहून ठेवतो.

पहिली, चार्टर शाळेचा धागा. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी पण स्वतंत्र मंडळाच्या ताब्यातली शाळा. पेन्सिल्व्हेनिया राज्यात यासाठीचा कायदा 1997 चा. फिलाडेल्फियात 2010 पासून मागे पडलेल्या सरकारी शाळाच अशा मंडळांकडे सोपवायला सुरुवात झाली. मालिकेत 'लेजेंडरी' नावाचं असं मंडळ ॲबटवर डोळा ठेवून आहे. त्यांची शाळा चकचकीत आहे, पण ज्या मुलांमुळे निकाल खाली येईल ती मुलं त्यांना नको असतात. हे भाषण देऊन सांगितलेलं नाही. तिथून नाकारलेलं मूल ॲबटच्या दारात येतं, एवढ्यावर काम होतं. गटात हे दाखवलं की 2023 ची आपल्याकडची दत्तक शाळा योजना निघणार हे नक्की. दोन्ही एक नाहीत. तिथे शाळेचा ताबाच बदलतो, इथे देणगीदाराला शाळेशी जोडून घेण्याची कल्पना होती. हा फरक मी आधीच स्पष्ट करणार आहे, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल.

दुसरी, मोठ्यांची दुबळी बाजू. बार्बराच्या विसरलेल्या मेणबत्तीमुळे शाळेत आग लागते. छोटीच, पण तिच्या स्वतःविषयीच्या समजुतीला तडा जातो. जनीनची आई येते (तराजी पी. हेन्सन), फोनच्या बिलासाठी पैसे मागते. वर्गात सगळ्यांची काळजी वाहणारी मुलगी घरात कशी वाढली ते त्या एका भागात उघडं होतं, आणि मग पहिल्या सीझनमधली तिची धडपडही वेगळी दिसायला लागते. शेवटचा भाग फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये घडतो. फिलाडेल्फियाचं हे विज्ञान संग्रहालय आहे, तिथे माणसांना आत शिरून चालता येईल एवढं मोठं हृदय 1954 पासून आहे. मुलं मुक्कामाला आलेली, रात्र झालेली, आणि जनीन सहकारी शिक्षक ग्रेगरीला सांगते की तिला अजून एकटं राहून स्वतःला शोधायचं आहे. दोघांचं जमावं म्हणून 35 भाग वाट बघितल्यावर हा नकार अगदी योग्य वाटतो. लेखनाचं बळ ते हेच.

निकष आज बदलला. हसू मोजणं बंद. प्रश्न आता असा: या सीझनमध्ये वर्ग किती दिसतो, आणि वर्गाबाहेरच्या गोष्टी वर्गात कशा शिरतात?

क्रम: दुसरा, मग पहिला.

14 ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी वाचन. 7 फेब्रुवारी 2023 ला पेन्सिल्व्हेनियाच्या कॉमनवेल्थ न्यायालयाने निकाल दिला की राज्याची शाळांना पैसा देण्याची पद्धत घटनाबाह्य आहे. तिथे शाळांच्या पैशाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणजे जिथे घरं महाग तिथली शाळा श्रीमंत. दुसरा सीझन चालू असतानाच हा निकाल आला. मालिकेत त्याचा उल्लेख नाही, गरजही नाही, कारण पहिल्या भागातली सतरंजी तेच सांगत होती. गटासमोर मात्र ही तारीख हवी. आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या श्रीमंत देशात खडूची टंचाई कशी?

भाषांतराची अडचणही इथेच टिपतो. ग्रेगरी सुरुवातीला रजेवरच्या शिक्षकाच्या जागी येतो. 'बदली शिक्षक' म्हटलं की आमच्या लोकांना जिल्हांतर्गत बदली आठवणार. 'तात्पुरता शिक्षक' म्हणेन. सफाई सांभाळणारे मिस्टर जॉन्सन आईच्या तोंडी आपोआप 'शिपाईमामा' झाले आहेत, तेच ठेवतो. इंग्रजीत त्यांना सगळे आदराने 'मिस्टर' म्हणतात, तो आदर 'मामा'त येतो.

19 ऑक्टोबर, रविवार

तिसरा सीझन, 14 भाग. 2023 मध्ये आधी लेखकांचा आणि मग कलाकारांचा संप झाला, त्यामुळे तो 7 फेब्रुवारी 2024 ला सुरू झाला. (न्यायालयाच्या त्या निकालाला बरोबर एक वर्ष. योगायोगच, पण नोंदवून ठेवला.) वर्ष अर्धं कापलं गेलंय आणि ते जाणवतं.

जनीन वर्षभरासाठी शाळा सोडून जिल्हा कार्यालयात जाते. निकषाप्रमाणे हा सीझन शेवटी जातो. वर्ग दिसत नाही, मुलं दिसत नाहीत, कार्यालयातली मंडळी फार गोड आहेत. करिअर दिनाच्या भागांत फिलाडेल्फिया ईगल्स या फुटबॉल संघाचे खेळाडू येतात. तिथल्या प्रेक्षकांना ती मेजवानी असणार, आमच्या गटाला त्यातलं कुणीच ओळखीचं नाही.

ॲबटमधल्या जेकब या शिक्षकाचं जोडीदाराशी नातं तुटतं आणि तो मेलिसाकडे राहायला जातो, ती मैत्री मात्र सुरेख.

क्रम: दुसरा, पहिला, तिसरा शेवटी. आईचं मत नाही, ती फराळात आहे.

22 ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. सकाळी आई स्वतःहून म्हणाली, "ती मुलगी ऑफिसात गेली ते मला पुन्हा दाखव."

पुन्हा पाहिलं. मग तिने तिची गोष्ट सांगितली. एकदा तिला वरच्या कार्यालयात साहित्यनिर्मितीच्या कामावर घेतलं होतं, सहा महिने. तक्ते, कार्डं, वाचनपाठ. सगळं छापून तालुकाभर गेलं. परत वर्गावर आली तेव्हा तिच्याच शाळेत ते गठ्ठे कपाटात सुतळीसकट पडलेले. कुणी वाईट नव्हतं, ती म्हणाली, फक्त आपल्या वर्गासाठी हे आलंय असं कुणाला वाटलं नव्हतं. "ऑफिसात बसलं की चाळीस शाळा दिसतात. पण एकही मूल दिसत नाही. आणि वर्गात बसलं की उलटं."

तिसऱ्या सीझनची बाजू तिने दोन वाक्यांत मांडली. जनीन शाळेला ग्रंथपाल मिळावा म्हणून खटपट करते, आणि फिलाडेल्फियाच्या सरकारी शाळांत प्रशिक्षित ग्रंथपाल खरोखरच बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. कार्यालयातून ती जे करू शकते ते वर्गातून करणं तिला शक्य नव्हतं. तरीही ती परत येते. दोन्हीपैकी काहीही चूक ठरवलेलं नाही. चांगल्या शिक्षकाने वर्गात राहावं की वर जावं, हा प्रश्न बाकीच्या तीन सीझनमध्ये कुणी विचारतच नाही. मी 'वर्ग किती दिसतो' म्हणत पट्टी लावली आणि वर्ग नसण्याबद्दलचाच सीझन तिच्याखाली चिरडला.

तरी भाग कमी, जोड विस्कळीत, पाहुणे जास्त. शेवटून वर येईल का, ते चौथा बघितल्यावर.

26 ऑक्टोबर, रविवार

चौथा सीझन दोन दिवसांत, कालचा शनिवार आणि आज. पुन्हा 22 भाग, ऑक्टोबर 2024 ते एप्रिल 2025. शाळेजवळ गोल्फचं मैदान होतंय. वस्तीत पैसेवाले येऊ लागले की शाळेचं काय होतं, हा धागा. मैदानवाल्यांकडून शाळेला गुपचूप वस्तू मिळत जातात आणि ते उघड झाल्यावर एव्हा सगळा दोष स्वतःवर घेते, नोकरी जाते.

एव्हाबद्दल मला मोठी नोंद करायची आहे. जनेल जेम्सने ही भूमिका पहिल्या दिवसापासून इतक्या वेगाने केली आहे की हसता हसता ही बाई लबाड आहे हेच ध्यानात राहतं. ती मुख्याध्यापक झाली तीही अधीक्षकाचं गुपित हाती लागल्यामुळे. तीन सीझन ती वर्गात फिरकते ती स्वतःच्या कामापुरती. चौथ्यात मात्र दिसतं की प्रत्येक मुलाचं घर, प्रत्येक पालकाची अडचण तिला पाठ आहे. तिला परत आणायला वस्तीतले लोक उभे राहतात तेव्हा ते अचानक वाटत नाही. ती सुधारली म्हणून नाही, आपण आता नीट बघायला लागलो म्हणून. 71 भागांत एखादं पात्र असं फिरवून दाखवायला धीर लागतो.

8 जानेवारी 2025 चा भाग वेगळा. फिलाडेल्फियातच घडणाऱ्या दुसऱ्या एका जुन्या विनोदी मालिकेतली पाच टारगट माणसं इथे स्वयंसेवक म्हणून येतात. त्यातल्या चार्लीला वाचता येत नाही हे बाहेर पडतं, आणि बार्बरा-मेलिसा त्याला वाचायला शिकवतात. कुणी कितीही मोठं आणि कितीही वाया गेलेलं असलं तरी या दोघींना समोर फक्त न वाचता येणारं मूल दिसतं. आई म्हणाली, "साक्षरता वर्गात असेच यायचे. पहिले दोन दिवस मस्करी करायचे."

सगळंच चांगलं नाही. जनीन आणि ग्रेगरी आता एकत्र आहेत आणि दोघांतला ताण गेल्यामुळे त्यांचे प्रसंग सपाट झालेत. काही भाग सरावाने लिहिल्यासारखे वाटतात. पण शाळा, वस्ती, पालक यांचं नातं या सीझनएवढं कुठेच आलेलं नाही.

29 ऑक्टोबर, बुधवार

क्रमवारी ठरली.

दुसरा. चौथा. पहिला. तिसरा.

पहिला तिसऱ्या स्थानी टाकताना हात अडखळला. विनोद त्यातच सर्वांत धारदार आहे. पण 13 भागांत माणसांची ओळख होते, माणसं उलगडतात ती पुढे.

आईला हे मान्य नाही. तिचा क्रम: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मी म्हटलं, हा तर आलेलाच क्रम. तर म्हणाली, "पहिलीचं मूल पहिलीतच बसवायचं. तू त्यांना एकदम दुसऱ्यात बसवलंस तर बार्बराबाईंची आग त्यांना कळेल का? त्या कशा ताठ होत्या ते बघितलंच नाही त्यांनी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुणवत्तेचा क्रम आणि दाखवण्याचा क्रम वेगळे, हे ती एका दमात सांगून गेली.

1 नोव्हेंबर, शनिवार

सोळा भागांची वाटणी झाली. दुसऱ्या सीझनचे सहा, चौथ्याचे चार, पहिल्याचे चार, तिसऱ्याचे दोन. दाखवायचे मात्र ओळीने. पहिली संध्याकाळ पूर्ण पहिल्या सीझनची: सतरंजी, साहित्याची यादी, नवं सॉफ्टवेअर, पालकसभा. पालकसभेचा भाग मी आधी गाळला होता. मग आठवलं, ब्रन्सनला मालिकेची कल्पना आईच्या शाळेत अशाच एका संध्याकाळी सुचली होती. पालकांची वाट बघत बाई बसून राहिल्या आणि अगदी शेवटच्या मिनिटाला एक पालक आली. आपल्या गटात ही खुर्ची सगळ्यांच्या ओळखीची आहे. घेतला.

तिसऱ्याचे दोन्ही भाग आईने निवडले.

2 नोव्हेंबर, रविवार

पहिली संध्याकाळ झाली. चौदा जण आले. मी पडद्याशेजारी उभं राहून मराठी सांगत होतो. सतरंजीच्या भागात पाच-सात मिनिटांनी लक्षात आलं की माझ्या आधीच लोक हसतायत, मग बोलणं कमी केलं.

साहित्याच्या यादीनंतर थांबलो. बोलणं असं सुरू झालं की पुढचा भाग अर्धा तास उशिरा लागला. एक बाई म्हणाल्या, त्या दर जूनमध्ये पगारातून पाट्या आणतात आणि घरी सांगत नाहीत. एका गुरुजींनी बार्बराची बाजू अजिबात मानली नाही. मागितलंच पाहिजे, लेखी मागितलं पाहिजे, आवक क्रमांक घेतला पाहिजे, असं ते तावातावाने म्हणाले. आई मागच्या बाकावर होती. ती उठली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमचं बरोबर आहे. मी मागितलं नाही." आणि मग काडेपेट्यांच्या खोक्यांचं सांगितलं. दोघी-तिघींनी ते वहीत उतरवून घेतलं.

पालकसभेचा भाग राहिला. पुढच्या रविवारी त्यानेच सुरुवात, म्हणून दुसऱ्या सीझनचा एक भाग गाळावा लागेल. कोणता, ते आईला विचारून ठरवतो. जोडवर्गाचे भाग सोडून.